पुरात बुडालेली गाडी आमच्या गळ्यात कशी मारली

कोकणात जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. घरात माणसं वाढली म्हणून आवडती गाडी देऊन मोठी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्की वाचा, कारण आमच्या बाबतीत त्या आवडीचाच फायदा घेतला गेला. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेली सात सीटर आम्हाला ‘एका मालकाची, घरात जपलेली’ म्हणून विकली. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून विकणाऱ्याचं नाव देत नाही. त्याने जे केलं ते मात्र सगळं सांगते.

आमची आधीची गाडी फोर्ड फिएस्टा, १.६ एस, २००८ ची. १५९६ सीसीचं पेट्रोल इंजिन, १०१ पीएस, कडक सस्पेन्शन आणि जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग. दाणोली सोडून आंबोलीचा घाट लागला की ती गाडी काय आहे ते कळायचं. वळणावर टायर किती धरतोय हे हाताला जाणवायचं आणि चढावर पाय दाबला की इंजिन कुरकुरायचं नाही. लग्नाआधीपासून मीच ती चालवत होते. आमच्याकडे वेंगुर्ल्यात बरेच जण मला त्या लाल गाडीवरूनच ओळखायचे.

पण गाडी बसकी. वाडीतल्या जांभ्याच्या चढावर दर वेळी पोट घासायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिच्यात बसणं-उठणं त्यांना जमेना. त्यात दोन मुलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून एखादा सुटा भाग हवा असला की कोल्हापूरला फोन लावायचा आणि वाट बघायची. २०२३ मध्ये रजिस्ट्रेशनची १५ वर्षं भरत होती. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालेली, वर पर्यावरण कर. सगळ्या बाजूंनी विचार केला आणि गाडी बदलायचं ठरलं.

चतुर्थी तोंडावर आलेली. महामार्गालगतच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात आम्ही गेलो. तिथल्या माणसाने त्याला खपवायची होती त्या सात सीटर मारुती एर्टिगाचं नावही न काढता आधी माझ्या फिएस्टाभोवती फेरी मारली. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला. “ताई, अशी गाडी आता बनत नाही. पुण्यात माझ्याकडे हिच्यासाठी थांबलेलं गिऱ्हाईक आहे.” बाकी सगळ्यांनी पन्नास-साठ हजार सांगितले होते. याने एक लाख वीस हजार सांगितले. अट एकच, बदल्यात त्याच्याकडची एर्टिगा घ्यायची आणि चतुर्थीच्या आत व्यवहार पुरा करायचा.

जुन्या गाडीला बाजारभावाच्या दुप्पट रक्कम देणारा माणूस ती कुठून तरी वसूल करणार, हे लक्षात ठेवा. ज्या गाडीवर तुमचा जीव आहे तिचं मोल कुणीतरी ओळखलं, याचा आनंद होतो. तो आनंद होत असतानाच दुसरी गाडी पुढे सरकवली जाते.

एर्टिगा २०२० ची, पेट्रोल, एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी पासिंगची, मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. किंमत सात लाख नव्वद हजार. आम्ही ती चालवून पाहिली. इंजिन शांत होतं, गिअर नीट पडत होते. नवऱ्याने वाकून बघितलं तर खाली गंज होता. त्यावर उत्तर आलं, “दर्यावरची हवा, साहेब. कोकणातल्या कुठल्या गाडीला गंज नाही?” आत थोडा कुबट वास होता. त्यावर, “भर पावसाळ्यात तुमच्या घरातल्या चादरींनाही हाच वास येत असेल.” दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. इथे राहणारा प्रत्येक माणूस हो म्हणेल, म्हणून तर बुडालेली गाडी कोकणात खपवणं सोपं जातं. सोलापुरात सीटखाली गंज दिसला तर गिऱ्हाईक लगेच विचारेल. इथे उत्तर आधीच तयार असतं आणि ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या अनुभवाशी जुळतं. आपल्या मेकॅनिकला दाखवतो म्हटलं, तर गाडी यार्डाबाहेर सोडायला तो तयार नव्हता. चतुर्थीच्या गर्दीत कुठल्या गॅरेजला लिफ्ट मोकळी मिळणार, हे त्याचं कारण.

चतुर्थी पार पडली. ऑक्टोबरच्या उकाड्यात एके दिवशी मागची काच आपोआप खाली गेली. मग सेंट्रल लॉक स्वतःच उघडमीट करू लागलं. त्यानंतर कुडाळहून येताना डॅशबोर्डवर दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. मागे मुलं बसलेली. कशीबशी गाडी कडेला घेतली.

सावंतवाडीच्या मेकॅनिकने कुठेही स्कॅनर न लावता आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हातात घेतला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. आपण रोज वापरतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, जो नेहमी आत गुंडाळलेला असतो, त्यावर आडवी तपकिरी रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे कापड मातकट. मग त्याने सीटचे चार बोल्ट सोडून सीट बाहेर काढली. बोल्टच्या डोक्यांवर आधीच पाना लागल्याच्या खुणा होत्या. कार्पेट उचललं तर खालचा फोम अजून ओलसर होता. पत्र्याच्या खळग्यात काळपट, पिठासारखा बारीक गाळ बसलेला. त्याने तो बोटावर घेऊन मला दाखवला. वायरिंगच्या एका जोडाला हिरवं चढलेलं होतं, टोचा लावल्यावर त्यातली पिन तुटून हातात आली.

“ताई, ही गाडी बुडलेली असा,” तो म्हणाला. “खाऱ्या वाऱ्याचो गंज सीटच्या खाली येना नाय.”

त्याने मग जे समजावलं ते मी सगळ्यांना सांगत असते. खाऱ्या हवेचा गंज बाहेरून आत येतो. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, सायलेन्सर, खालचा पत्रा, जिथे वारा आणि रस्त्यावरचं पाणी लागतं तिथे. पुराचा गंज आत सापडतो. सीटचे रूळ, ब्रेक-क्लचच्या पेडलच्या वरचा दांडा, दाराच्या आतल्या स्पीकरचं लोहचुंबक, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू. मालवणच्या किनाऱ्यावर दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीतही या जागा सहसा कोऱ्या असतात, कारण ती हवा तिथवर पोचत नाही. डिकीतलं स्टेपनी टायर काढून खालच्या खोबणीत हात फिरवायचा. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का बघायचं.

आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो का ते बघायचं. चांगल्या गाडीत तो दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. आमच्या गाडीत तो लागतच नव्हता, आणि दिवा दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असं वाटत होतं. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, अगदी तळाशी असतो, म्हणजे पाणी शिरलं की पहिला बुडणार तोच. तो मेला होता आणि दिवा दिसू नये म्हणून मागून तार तोडलेली होती. पैशाचा राग एक वेळ ओसरेल. ज्याने पक्कड घेऊन ती तार तोडली त्याला या गाडीत कुणाची तरी मुलं बसणार हे माहीत होतं, आणि हे मी विसरू शकत नाही.

पुढे कागदांचा शोध सुरू झाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर दिला तर जुनी नोंद निघाली. ऑगस्ट २०२१, गाडी टो करून आणली, पुराचं पाणी, दुरुस्तीचा अंदाज विमा कंपनीला पाठवला. त्यानंतर गाडी तिथे कधीच आली नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. भंगार म्हणून घेतलेली गाडी तोडायच्या ऐवजी धुऊन, वाळवून रस्त्यावर आणण्यात मोठा नफा आहे.

विम्याच्या कागदातही हे दिसतं. क्लेम न घेतल्यास नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, चढत जातो, २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के. २०२० पासून एकच मालक आणि एकही क्लेम नाही असं कुणी सांगत असेल, तर २०२३ च्या पॉलिसीवर ३५ टक्के दिसायला हवेत. आम्हाला दिलेली पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती होती, त्याच वर्षी काढलेली. तीत हा बोनस दिसतच नाही. ‘मालकाने खर्च वाचवला’ हे उत्तर मिळालं होतं. जुन्या पॉलिसी मागा. जो देत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

आरसी बुक अजून आमच्या नावावर झालं नव्हतं. ‘आरटीओचं काम चालू आहे’ हेच ऐकत होतो. त्यावर पहिल्या मालकाचं नाव होतं. चिपळूणचे गृहस्थ. ओळखीतून नंबर मिळवून फोन केला, तर ते क्षणभर गप्पच झाले. “ती गाडी अजून फिरतेय? माझ्या नावावर?” २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. चिखल उपसत असतानाच कुणीतरी माणूस विमा कंपनीच्या नावाने आला आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० च्या कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन गेला. पैसे मिळाले, विषय संपला असं ते धरून चालले होते. ज्या माणसाचा संसार पाण्यात गेला, त्याच्या त्याच सह्या वापरून दोन वर्षांनी मला फसवलं गेलं.

त्यांची भीती मला लगेच समजली, कारण तोवर माझ्या मोबाइलवर फिएस्टाचं ई-चलान आलेलं होतं, वेगाचं, पुण्याकडचं. तिच्या फॉर्मवरही माझ्या कोऱ्या सह्या होत्या आणि ती अजून माझ्याच नावावर होती. चलान भरता येतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. एप्रिल २०२३ पासून यावर उपाय आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ची सूचना ऑनलाइन नोंदवली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. आमच्या माणसाकडे असलं प्रमाणपत्रच नव्हतं. ते भिंतीवर लावलेलं दिसलं नाही तर तिथूनच परत फिरा. फिएस्टाबद्दल मी ओरोसच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे.

यार्डात गेलो तेव्हा ‘ताई’ संपलं होतं. पावतीवर खाली बारीक अक्षरात ‘गाडी आहे त्या स्थितीत’ असं छापलेलं त्याने बोट ठेवून दाखवलं. तेवढ्या ओळीने घाबरून परत येऊ नका. गाडी बुडालेली आहे हे लपवणं म्हणजे दोषाची माहिती दडवणं, आणि ते अशा छापील ओळीने धुऊन निघत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ई-जागृती (आधीचं ई-दाखिल) या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला तरी वाट दाखवतात. पोलिसांतही आम्ही फसवणुकीची तक्रार दिली आहे.

चिपळूणच्या गृहस्थांनी आम्हाला प्रतिज्ञापत्र करून दिलं. ‘माझी सही आहे, मला बोलावं लागेलच,’ एवढंच म्हणाले. सर्व्हिस सेंटरची नोंद, मेकॅनिकने काढलेले फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे त्या माणसाचे ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असे मेसेज, सगळं आयोगापुढे आहे. एक गोष्ट मात्र गडबडीत करू नका. गाडी लगेच दुरुस्त करून घेऊ नका. आयोग तपासणीला पाठवू शकतो आणि तेव्हा गाळ, पट्टा आणि तुटलेली तार जागच्या जागी दिसली पाहिजे. आम्ही सीट अजून परत बसवलेली नाही, आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायला सध्या शेजारच्यांची रिक्षा सांगतो.