सिंधू, डेस्डिमोना की अँटिगनी?

यात्रेच्या रात्री किंवा हिवाळ्यातल्या गावसंमेलनात यंदा शोकांतिका करायची, असं मंडळानं ठरवलं की नायकाची चिंता नसते. सुधाकर, ऑथेल्लो किंवा क्रेऑन करायला बेळगाव-खानापूरच्या कुठल्याही गावात हौशी नट तयार असतात. विचार करायचा तो बाईच्या भूमिकेचा. नोकरी, शेत, घर सांभाळून महिना-दीड महिना तालमीला येणाऱ्या मुलीला आपण रंगमंचावर काय करायला लावणार आहोत? ‘एकच प्याला’, ‘ऑथेल्लो’ आणि ‘अँटिगनी’ ही तिन्ही नाटकं मी आमच्या मंडळात बसवली. राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’त सिंधू ही दारुड्या सुधाकरची बायको, शेक्सपिअरच्या नाटकात डेस्डिमोना ही संशयापायी नवऱ्याच्या, ऑथेल्लोच्या हातून मरणारी बायको, आणि सोफोक्लीजच्या ग्रीक नाटकात अँटिगनी ही क्रेऑन राजाचा हुकूम मोडणारी त्याची भाची. याहून जास्त कथानकं सांगत बसत नाही.

‘एकच प्याला’चं पारडं आपल्या भागात सुरुवातीलाच जड असतं, आणि ते योग्यच आहे. संगीत नाटकाला आकार देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गाणारी मुलगी शोधायला बेळगावात फार फिरावं लागत नाही, आणि नाट्यपद सुरू झालं की मागच्या रांगेतली बोलणी थांबतात. गडकरींची भाषा आजही तोंडात बसते. सुधाकरचा पिणारा सोबती तळीराम, त्याचं आर्यमदिरामंडळ हे दारुड्यांचं टोळकं आणि दारूचा विषय कुठल्याही गावाला समजावून सांगावा लागत नाही. १९१९ मध्ये बडोद्याला पहिला प्रयोग झाला, त्याच्या महिनाभर आधी गडकरी गेले होते. बालगंधर्वांनी सिंधू केली आणि ती मराठी घरात कायमची राहायला आली.

माझी अडचण सिंधूपाशीच होते. तिचं सोसणं मला खोटं वाटत नाही. माहेर श्रीमंत असताना, भाऊ न्यायला आलेला असताना, नवऱ्याच्या घरात दळण दळून दिवस काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण शेवटच्या अंकात सुधाकरच्या हातून मूल जातं, सिंधू घायाळ होते, आणि मरता मरता फौजदारापुढे ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. त्या खोट्या जबानीवर आमच्याकडे टाळ्या पडल्या. दुसऱ्या गावी गेलो, तिथेही पडल्या. टाळ्या पुरुषांच्या बाजूनं होत्या. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले होते, आणि एक म्हातारी आक्का शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, “असं कशाला खोटं बोलूलाली ही?”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. भाजलेली सून दवाखान्यात शेवटच्या जबाबात “स्टोव्हचा भडका उडाला” एवढंच सांगून जाते, हे आपल्या खेड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तीच जबानी आपण दिव्यांच्या झोतात, पातिव्रत्याचा कळस म्हणून पेश करतो. सिंधूचं काम करणारी मुलगी तालमीत मला विचारायची, “दादा, इथं माझ्या मनात काय चाललंय?” संहिता चाळून मला एकच उत्तर सापडायचं, नवऱ्याविषयीची भक्ती. पहिल्या अंकात तेच, शेवटच्या अंकात तेच. गडकरींच्या काळात याहून वेगळं लिहिणं कितपत शक्य होतं हे अभ्यासकांनी सांगावं. बालविधवा शरदच्या पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनी याच नाटकात उघड मांडला, याचंही मोल आहे. तरी तो जबानीचा प्रवेश दरवेळी माझ्या घशाशी येतो.

आता ‘ऑथेल्लो’. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ १८९० मध्ये केला, म्हणजे हे नाटक मराठीला परकं नाही. डेस्डिमोनाची गोष्ट सिंधूच्या फार जवळची आहे. तीही मरताना विचारलं तर सांगते की हे कुणी केलं नाही, माझं मीच केलं. पण शेक्सपिअरनं तिच्याजवळ तिच्या सोबतिणीला, एमिलियाला उभं केलं आहे. नवऱ्यांइतकीच बायकांनाही जीभ, नाक, डोळे असतात, इच्छा असतात, असं ती चौथ्या अंकात डेस्डिमोनाचे केस सोडवताना सरळ सांगते. शेवटी तेच खोटं ती मोडते. नवऱ्याचं ऐकायला हवं हे कबूल करूनही ती गप्प बसत नाही, नवऱ्याचं, म्हणजे इयागोचं, सगळं कारस्थान बाहेर काढते आणि त्यापायी त्याच्याच हातून मरते. निपाणीकडच्या एका प्रयोगाला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका आल्या होत्या. एमिलिया बोलायला लागली तशा त्या सावरून बसल्या. एमिलियासाठी तुमच्याकडे खणखणीत आवाजाची बाई असेल तर हे नाटक जरूर विचारात घ्या. मात्र डेस्डिमोना करणारीला शेवटचे दोन अंक बहुतेक वेळ फक्त मार आणि संशय झेलायचा असतो. आमची मुलगी दुसऱ्या प्रयोगानंतर पुन्हा तयार झाली नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

ग्रीक नाटककार युरिपिडीजच्या मिडीयाचं नावही कुणीतरी काढेल. बाळंतपणापेक्षा तीनदा रणात उभं राहणं पत्करेन, हे तिचं बोलणं ऐकून कुठल्याही आईचा ऊर भरून येईल. पण तीच पुढे स्वतःची मुलं मारते आणि जिवंत निघून जाते. गावयात्रेत मुलं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांसमोर ते करायला माझं मन झालं नाही. शहरातल्या नाट्यगृहासाठी वेगळा विचार होऊ शकतो.

‘अँटिगनी’विषयी मंडळात सगळ्यांना एकच भीती असते: नावं परकी, गाणी नाहीत, लोक उठून जातील. भीती अगदीच निराधार नाही. पहिली दहा मिनिटं कुजबूज असते. पण भावाचं प्रेत उघड्यावर टाकलंय आणि राजा अंत्यसंस्कार करू देत नाही, एवढं कळलं की आपल्याकडचा प्रेक्षक पुढचं स्वतःच जोडून घेतो. ज्या भागात मराठ्यांच्या घरी दहन आणि शेजारच्या लिंगायत घरी दफन होतं, तिथे भावाला मूठमाती देणारी बहीण समजायला वेळ लागत नाही. त्यातून आपल्या बायका सहसा स्मशानात जात नाहीत. म्हणून एका मुलीनं हे काम स्वतःच्या हातानं करणं त्यांना आतून हलवतं.

यात बाईला मिळणारी वागणूक सौम्य मुळीच नाही. मी असेपर्यंत बाईचं राज्य चालणार नाही, असं क्रेऑन म्हणतो. आपण बायका, पुरुषांशी झुंजायला जन्मलो नाही, असं सख्खी बहीण इस्मेनी सांगते. शेवटी अँटिगनीला जिवंतपणी गुहेत कोंडतात. फरक एवढाच की अँटिगनीला विचारलं तर ती कबूल करते. होय, मी केलं, आणि पुन्हा करेन. जबानीचा प्रसंग इथेही आहे, पण इथली जबानी खरी आहे. आमच्या नटीला तालमीत ‘का’ विचारावं लागलं नाही, प्रत्येक वाक्यात कारण लिहिलेलं होतं.

उणिवा सांगतो. नाटकाच्या शेवटच्या जवळजवळ एकतृतीयांश भागात अँटिगनी रंगमंचावर नसतेच, उरलेला शोक क्रेऑनचा. त्याची बायको युरिडिसी थोडंसं बोलते, मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकते आणि न बोलता आत जाऊन जीव देते. नवरा दुसरा मिळेल, मूलही दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा होणार नाही, हा अँटिगनीचा युक्तिवाद तर पुष्कळांना खटकतो. १८२७ मध्ये जर्मन कवी गटेनंही त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली होती, आणि तो उतारा सोफोक्लीजचा नाहीच असं मानणारे अभ्यासक आहेत. मी तो गाळला नाही. आमच्याकडे त्या ओळींना वयस्क बायका माना डोलावत होत्या. भाऊबीजेला माहेरी जाणाऱ्या बाईला त्यातलं दुःख बहुधा अभ्यासकांपेक्षा लवकर कळतं.

तुमच्याकडे गाणारी मुलगी असेल आणि तिकिटं खपवायची असतील, तर ‘एकच प्याला’ टाळा असं मी म्हणणार नाही. पण एकाच नाटकाची ताकद असेल, आणि मुलीनं पुढच्या वर्षीही तालमीला यावं असं वाटत असेल, तर मी अँटिगनी बसवेन. इस्मेनीलाही तितकीच चांगली नटी द्या. ती भित्री, रडकी झाली की भांडण एकतर्फी होतं. तिचं म्हणणं पटण्यासारखं असलं तरच अँटिगनीला बोलायला जोर येतो. आणि ‘एकच प्याला’च करायचं ठरलं, तर वेळ वाचवण्यासाठी तळीरामाच्या बायकोचे, गीतेचे प्रवेश कापू नका. नवऱ्याला तोंडावर सुनावणारी ती एकटी बायको त्या नाटकात आहे.