एकच सेट टॉप बॉक्स, दोन खोल्यांत दोन टीव्ही : आठ महिने वापरून झाल्यावर

घाईत असाल तर एवढंच वाचा, दोन्ही टीव्हीवर एका वेळी एकच चॅनल दिसतो. सोप्यात (बाहेरच्या बैठकीच्या खोलीत) बातम्या आणि आत मालिका असं होत नाही, बॉक्स एक म्हणजे चॅनल एक. हे घरात चालणार नसेल तर सरळ दुसरं कनेक्शन घ्या, खाली वाचायच्या भानगडीत पडू नका.

आमचं घर वाईतलं, जुनं, दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती. टीव्ही सोप्यात. मागच्या वर्षी आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती मागच्या खोलीतच असायला लागली, मधे तीन उंबरे आहेत ते ओलांडून टीव्हीसाठी येणं काही जमेना. काकांचा जुना ३२ इंची टीव्ही पडून होता तो तिच्या खोलीत लावला. पण तिला बघायचंय तेच जे आई बघते, मग त्याच चॅनलचे दर महिन्याला परत पैसे कशाला, असा सरळ हिशोब.

पहिल्यांदा गल्लीतल्या एकानं सांगितलं की छत्रीच्या (गच्चीवरच्या डिशच्या) वायरलाच टी, म्हणजे एकाच्या दोन वायरी करणारा जोड, लावून दुसऱ्या टीव्हीला जोड. नाही हो होत. छत्रीकडून येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, तो बॉक्सशिवाय टीव्हीला कळतच नाही, आणि बॉक्स त्याच वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून छत्रीला सांगत असतो की उभा सिग्नल दे का आडवा. त्यामुळं वाटणी करायची ती बॉक्सच्या पुढं, मागं नाही.

मग मित्राचा वायरलेस सेंडर, म्हणजे बिनवायरीचं चित्र पाठवणारं यंत्र, आणून बघितला, २.४ गीगाहर्ट्झवाला. बंगल्यात त्याच्याकडं छान चालतो म्हणे, आमच्या भिंतीत अडकला. दार उघडं ठेवलं की चित्र, लावलं की मुंग्या, आणि वायफायचा राउटर पण त्याच पट्ट्यात असल्यानं दोघांची भांडणं. दोन दिवसात परत केला. त्यानंतर लाल-पांढरी-पिवळी पिनवाली लांब वायर ओढली, ती चालली बरं का, स्वस्तात स्वस्त तीच आहे, पण चित्र पुसट, तोंडं लांबट आणि मधून एक आडवा पट्टा वर सरकत राहायचा. आजी म्हणाली, "ह्या बायका आजारी हायत का रं?" म्हणलं बास.

शेवटी जे बसवलं ते असं. बॉक्समधनं एचडीएमआय स्प्लिटर (एकच चित्र दोन वायरींत वाटणारी डबी), त्याची एक वायर सोप्यातल्या टीव्हीला, दुसरी एक्स्टेंडरच्या (चित्र लांबवर पोचवणाऱ्या) डबीला, तिथनं माळ्यावरून कॅट ६ ची, म्हणजे इंटरनेटला वापरतात तसली, वायर (आम्हाला २२ मीटर लागली) आणि आजीच्या खोलीत दुसरी डबी. स्प्लिटर, एक्स्टेंडर, वायर, जादाचा रिमोट सगळं धरून साडेचार हजाराच्या आत बसलं. पहिला स्प्लिटर अगदीच स्वस्तातला घेतला होता त्यावर दोन्ही टीव्ही काळे, कारण बॉक्स एचडीसीपी नावाचं कुलूप लावून चित्र पाठवतो आणि समोरचं यंत्र ते ओळखत नसेल तर चित्र देतच नाही. तो बदलून घेतला. घेताना हे विचारूनच घ्या.

चित्र आलं तर एचडी चॅनलला आजीकडं आवाज नाही. तिचा टीव्ही जुना, त्याला डॉल्बी पद्धतीचा आवाज कळत नाही, बॉक्सच्या सेटिंगमधे जाऊन आवाज साधा स्टिरिओ केला की झालं. आणि स्प्लिटर तिच्या टीव्हीला झेपेल तेवढंच चित्र दोघांना द्यायला लागला म्हणून सोप्यातलं जरा मऊ दिसायचं, तिथं बॉक्सच्या सेटिंगमधे चित्राची स्पष्टता हातानं १०८०आय ठेवली, मग दोन्हीकडं व्यवस्थित.

आता रिमोट. एक्स्टेंडरबरोबर दोन बारीक वायरी येतात, एकीच्या टोकाला डोळा तो आजीच्या टीव्हीखाली, दुसरीच्या टोकाला मण्याएवढा दिवा तो बॉक्सच्या तोंडावर चिकटवायचा. आजीनं तिकडं बटन दाबलं की इकडं चॅनल बदलतो. पहिला आठवडा रिमोट मधेच ऐकायचा नाही, मग लक्षात आलं की दुपारी खिडकीतलं ऊन थेट डोळ्यावर पडतंय. टीव्हीच्या सावलीत सरकवला, तेव्हापासून तक्रार नाही.

खरी गंमत माणसांची. आजीला ऐकायला कमी येतं, ती बॉक्सच्या रिमोटनं आवाज वाढवायची की सोप्यात भिंती हादरायच्या. आता बॉक्सचा आवाज कायम फुल आणि ज्यानं त्यानं आपापल्या टीव्हीच्या रिमोटनं कमीजास्त करायचं. दुसरं म्हणजे झोपताना आजी इमानदारीत लाल बटन दाबून सगळं बंद करायची, इकडं आईची मालिका ऐन रंगात आणि पडदा काळा. दोन-तीनदा आई मागं जाऊन ओरडून आली. शेवटी आजीच्या रिमोटवरच्या लाल बटनावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून वरून चिकटपट्टी मारली, ती अजून तशीच आहे. आयपीएलच्या दिवसात मात्र हाल झाले. मी मॅच लावली की मागनं चॅनल बदललेला, मी परत लावला की परत बदललेला, म्हातारी एक शब्द बोलत नाही, नुसती बटनं दाबते. मी मॅचेस मोबाईलवर बघितल्या.

त्याच्या उलट आषाढी एकादशीला पहाटे पंढरपूरची महापूजा दोन्ही खोल्यांत लागली होती, आई सोप्यात हात जोडून, आजी पलंगावर, आणि एकीकडनं दुसरीकडं "दिसतंय का गं?" "दिसतंय, दिसतंय." त्या दिवशी पैसे वसूल.

तक्रारी पण सांगतो. डब्या बऱ्यापैकी तापतात. पंधरा-वीस दिवसांनी एकदा आजीकडचं चित्र गोठतं, डबीची पिन काढून परत घातली की सुरू. लाईट गेली की सोप्यातला टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो पण तिच्या खोलीतला प्लग इन्व्हर्टरवर नाही, हे आधी सुचलं नाही. वळवाच्या विजा सुरू झाल्या की मी सगळ्या पिना काढतो, एवढ्या लांब वायरीतनं झटका आला तर बॉक्स आणि दोन्ही टीव्ही एकदम जातील. जोराच्या पावसात छत्रीचा सिग्नल जातो तो दोन्हीकडं एकदमच जातो, त्याला ह्या जोडणीचा दोष नाही.

माळ्यावरून वायर नेणार असाल तर आधी पाईप टाका. आमची जूनमधे उंदरानं कुरतडली, दोन दिवस आजी छताकडं बघत बसली होती आणि मी बॅटरी तोंडात धरून माळ्यावर.