पिझ्झा उत्तम, पण 'ना' जरा लवकर सांगा

गोव्यातल्या आसगावच्या या पिझ्झावाल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. म्हापशाच्या स्टँडवरच्या कुठल्याही पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, 'तो रागीट पिझ्झावाला' म्हटलं तरी तो तुम्हाला मागे बसवून दारात नेऊन सोडेल. आसगावला एके काळी फुलांचा गाव म्हणायचे. आता तिथे फुलझाडांपेक्षा रेस्टॉरंटांच्या पाट्या जास्त दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी दारातच कुणीतरी हसून 'वेलकम' म्हणतं. इथे म्हणत नाहीत. मान वर करून बघितलं तरी नशीब.

जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आणि अंगणात मिळून सहा टेबलं, बाजूला पत्र्याच्या छपराखाली भट्टी. मालक स्वतः भट्टीपाशी. हाताखाली दोन पोरं, तीही त्याच्यासारखीच अबोल. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलंय: केचप नाही. अननस नाही. अर्धा-अर्धा नाही. पार्सल नाही. टेबल राखून ठेवत नाही. त्याखाली बारीक अक्षरात कुणा गिऱ्हाइकाने 'हसणं नाही' अशी भर घातलीय. मालकाने ती पुसलेली नाही, म्हणजे माणसाला विनोद अगदीच कळत नसावा असं नाही.

आधी पिझ्झ्याबद्दल, कारण लोक शिव्या देत का होईना, पुन्हा जातात ते त्यासाठीच. ही इटलीतल्या नापोलीकडची पद्धत. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस्स. मळलेलं पीठ दिवसभर तरी मुरवत ठेवायचं, त्याचे अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे गोळे करायचे, लाटणं न लावता हाताने पसरायचे आणि साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजून काढायचे. तिथल्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या या कलेला युनेस्कोने 2017 मध्ये आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर वेळ लावली. पिझ्झा आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत 80 सेकंद.

मार्गारिटा समोर आली तेव्हा कडा फुगून बोटभर उंच झालेली, त्यावर काळे ठिपके, मध्यभाग पातळ आणि ओलसर. टोमॅटोचा आंबटपणा कच्चा नाही की साखर घालून मारलेला नाही. चीज थापलेलं नाही, चार-पाच ठिकाणी वितळून पांढरी तळी झालेली. तुकडा उचलला की टोक खाली वाकतं, म्हणून दुमडून खायचा. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्यांदा तो उलटा करून खालची बाजू बघितली. पेडण्याच्या घरात चुलीवर भाकऱ्या भाजण्यात त्यांची निम्मी हयात गेली आहे. वेटर पोराला वाटलं, म्हातारी आता 'करपलाय' म्हणून परत पाठवणार. तो घाईघाईने म्हणाला, "जळूंक ना, आज्जी, अशेंच आसता." आई म्हणाल्या, "कळतं रे मला. पीठ नीट आंबलंय, नाहीतर असे फोड येत नाहीत." भट्टीपाशी उभ्या मालकाने हे ऐकलं, आणि "हूं" असा आवाज काढला. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघालेलं सगळ्यात प्रेमळ वाक्य तेच.

चोरिसाचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजचा, पिझ्झा इथली खरी खासियत. नवऱ्याने तो आधी एकदा खाल्ला होता. मिरची-व्हिनेगरची ती लाल चरबी भट्टीत सुटते आणि कडेपर्यंत पसरते. वर फक्त कांदा. आपल्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) उंड्यात, म्हणजे गोल पावात, चोरिस घालून खाल्लेल्या माणसाला हे काही नवीन वाटायचं कारण नाही, पण पिझ्झ्यावर तो इतका बेतात घातलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता वागणुकीकडे वळू.

मी म्हापशाच्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना 'नाही' सांगणं हे माझंही काम आहे, त्यामुळे मालकाच्या तुसडेपणाकडे मी थोडी वेगळ्या नजरेने बघते. शेजारच्या टेबलावर गुरगावहून आलेला घोळका होता. त्यांना जादा चीज हवं होतं. "भैया, पैसे देंगे ना." मालक पाठ न वळवता म्हणाला, "चीज ज्यादा डाला तो बीच में पानी होगा. नहीं." घोळक्याला अपमान वाटला, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. ताज्या चीजला पाणी सुटतं, आणि दीड मिनिटात ते आटत नाही, तळ भिजतो. पार्सल न देण्याचंही तेच. गरम पिझ्झा खोक्यात बंद केला की वाफेने कड चामड होते, आणि घरी जाऊन लोक त्यालाच नावं ठेवतात. अर्धा-अर्धा का नाही याचं कारण मात्र त्याने "आमी करिनांव" एवढंच दिलं, ते काही मला पटलं नाही. दोन भाज्या दोन बाजूंना घालायला कसली अडचण?

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये गोऱ्या कातडीला लगेच खुर्ची आणि आपल्याला 'थांबा', हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतलाय. इथे तसं नाही. मोरजीला राहणारं एक रशियन जोडपं जेवण आटोपून गप्पा मारत बसलं होतं. मालक त्यांच्यापाशी गेला, म्हणाला, "फिनिश? पीपल वेटिंग," आणि प्लेट उचलली. ती दोघं बघतच राहिली. तुसडेपणात पंक्तिप्रपंच नाही, हे मी गोव्यात राहून फार मोठं समजते.

मग आमची पाळी. आम्ही चौघं. साडेसातला पोचलो, आठला टेबल मिळालं. मार्गारिटा, मशरूम आणि दोन चोरिस सांगितले. पोराने वहीत लिहून घेतलं, एक शब्द बोलला नाही. साधं पाणी तीनदा मागितल्यावर आलं, त्याआधी न मागता साठ रुपयांची बाटली आली. मार्गारिटा आली, मशरूमचा आला, बऱ्याच वेळाने चोरिसाचा एक आला. दुसऱ्याची वाट बघत भाचा काटे-चमचे वाजवत बसला. पाऊण तास झाल्यावर नवरा विचारायला गेला, तेव्हा मालक म्हणाला, "पीठ सोंपलें."

पीठ संपतं, हे मला मान्य आहे. रात्रभर मुरवलेलं पीठ आयत्या वेळी कुठून आणणार? त्यात आपल्या दमट हवेत ते भराभर फुगतं, फ्रिजमध्ये ठेवावंच लागतं, आणि पावसात वीज गेली की सगळा हिशेब चुकतो. पण गोळ्यांचा ट्रे भट्टीशेजारी उघडा होता. आमची ऑर्डर घेतली तेव्हा त्यात किती गोळे उरलेत ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं, मग त्याला दिसत नव्हतं? पतसंस्थेत कॅश संपत आली की मी रांगेतल्या शेवटच्या माणसाला आधी हाक मारून सांगते. तो चिडतो, पण घरी जातो, दुसरीकडे सोय बघतो. पाऊण तास उभा करून मग खिडकी बंद केली असती तर त्याने काच फोडली असती, आणि मी त्याला दोष दिला नसता.

नवऱ्याने हेच जरा सौम्य शब्दांत सांगितलं. त्यावर उत्तर: "जाय जाल्यार फाल्यां यो." हवं तर उद्या या. भाचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पुण्याला जाणार होता, पण ते ऐकून घ्यायला मालक थांबलाच नाही. शेवटी भाच्याला म्हापशात येऊन आम्लेट-पाव खाऊ घातला. तो मात्र खूश होता, कारण त्याला रीलसाठी मसाला मिळाला.

इतरांचेही अनुभव ऐकलेत. माझ्या मैत्रिणीच्या चार वर्षांच्या मुलीला नुसता चीजचा, टोमॅटो नसलेला पिझ्झा हवा होता. मालक "ना" म्हणाला, आणि पाच मिनिटांनी पिठाचा लहानसा गोळा तेल-मीठ लावून भाजून, न बोलता तिच्यापुढे ठेवून गेला. बिलात लावला नाही. उलट ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला वडिलांसाठी खुर्ची मागितल्यावर "हें हॉस्पिटल न्हय" असं ऐकावं लागलं. तो उठून गेला, आणि योग्यच केलं त्याने. पिठाचं रक्षण करायला म्हाताऱ्या माणसाला टोचून बोलावं लागत नाही.

बिल हाताने लिहिलेलं, बेरीज बरोबर. मार्गारिटा 480, मशरूम 560, चोरिस 620. वर पाच टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगून ठेवलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, तरी उत्तर गोव्यातल्या कित्येक झगमगीत हॉटेलांत तो गुपचूप लागलेला दिसतो. इथे सर्व्हिसच नाही, तेव्हा चार्जही नाही, इतका रोखठोक प्रामाणिकपणा.

जायचं असेल तर सातच्या आत जा, नंतर पिठाचा भरवसा नाही. शनिवार-रविवारी रेंट-अ-कारवाल्यांनी ती अरुंद गल्ली तुंबते, म्हणून स्कूटर बरी. बसल्याबरोबर सगळे पिझ्झे एकदम सांगा आणि विचारा, "इतके गोळे आहेत ना?" पोरगा वैतागेल, पण मोजेल. म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर बाल्कांवातलं सोपो (बसायचा बांधीव कट्टा) असलेलं टेबल रिकामं झाल्याशिवाय बसू नका, अंगणातल्या लोखंडी खुर्च्या फार टोचतात. पिझ्झ्याला पाचपैकी साडेचार, वागणुकीला दीड, त्यातला अर्धा त्या लहान मुलीच्या गोळ्याबद्दल. आणि अंगणात डास आहेत, ओडोमॉस घरून लावून जा. तिथे मागून काय ऐकायला मिळेल ते तुम्हाला आता ठाऊक आहे.