माझंच हौसिंग मला विकलं

आधी आकडा सांगून टाकतो: माझ्या मालाच्या गाडीचं मागचं हौसिंग (मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं लोखंडी कवच, ज्यात चाकं फिरवणारा दांडा म्हणजे साफ्ट असतो) बदलून घ्यायला अठ्ठ्याण्णव हजार. त्यातले चाळीस मोबाईलवरून दिले, बाकी रोख. बिल नाही. हे वाचूनच काही जण मान हलवतील, आणि ती हलवायलाच हवी.

मी इंदूरचा. महूकडच्या शेतांतून बटाटा उचलून चोइथराम मंडीत टाकतो, मधूनच कांदा भरून सेंधव्यावरून धुळ्याची फेरी मारतो. गाडी जुनी आहे, सोळा इंची रिमची, मागे जोडीचे चार टायर, साडेसात-सोळा साईजचे (साडेसात इंच रुंदी, सोळा इंची रिम). ड्रायव्हर ठेवलेला नाही, चालवतो मीच. सोयाबीन काढायच्या दिवसांत एखादा पाऊस झाला की माळव्याच्या काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात. त्यात माझी गाडी उतरली की मागचं हौसिंग मधल्या उंचवट्यावर घासतं. दोनदा ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. तेव्हापासून डोक्यात बसलं की सव्वाआठ-सोळाचे टायर टाकायचे. गाडी उचलली जाईल, दिसेलही दणकट. (दिसण्याचा भाग मी तेव्हा कबूल केला नसता.)

देवास नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने टायरांकडे पाहिलंच नाही. खाली वाकून हौसिंगवर पाना ठोकला, आवाज ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "भिया, टायर तो लग जाएंगे, पर ये हौसिंग नहीं झेलेगा। साफ्ट तोड़ेगा घाट में।" मग एकेक सांगत गेला. मोठ्या गाडीचं हौसिंग बसवू, कंपनीचं, एका कमी चाललेल्या गाडीचं उतरवलेलं. सोबत क्राउन-पिनियन, म्हणजे हौसिंगच्या आतली दातेरी चाकांची जोडी, बदलू, म्हणजे मोठ्या टायरला पिकअप पडणार नाही. वर दोन टन माल जास्त घ्या, काही होत नाही. हौसिंगचे पंच्याऐंशी, क्राउन-पिनियनचे बावीस, मजुरी नऊ. जुनं हौसिंग एक्स्चेंजमध्ये अठरा हजारांना घेतो. पक्कं बिल हवं तर टॅक्स वर पडेल.

माझा गळफास त्या एक्स्चेंजमध्ये होता, आणि मी मात्र त्यात अठरा हजारांचा फायदा पाहत होतो. जुना माल परत मागायचाच नाही, हे त्याने माझ्याकडूनच गोड बोलून ठरवून घेतलं. गाडी तीन दिवस आत. दोनदा गेलो तर मागची चाकं काढलेली, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी, खाली ताडपत्री. "अभी मत आओ भिया, ऑइल बिखरा है।" तिसऱ्या दिवशी हौसिंग काळं कुळकुळीत, नव्या रंगाचा वास, नवे टायर चढलेले. मी पेढे नेले होते गॅरेजवर. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

संशय यायला हवा होता तो पहिल्याच आठवड्यात. मीटरचा काटा पन्नासवर असताना मोबाईलचा नकाशा त्रेपन्न दाखवायचा. पूर्वी दोन्ही जवळपास जुळायचं. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, मोबाईल चुकतो. मग धुळ्याहून परत येताना, धामनोदकडून मानपूरला चढणारा गणेश घाट. तोच माल, तेवढंच वजन, आणि जिथे तिसऱ्यात चढायची तिथे गाडी दुसरा मागायला लागली. मी स्वतःचीच समजूत घातली की नवीन क्राउन-पिनियन आहे, मोकळी होईल हळूहळू.

चार महिन्यांनी गिअर ऑइल बदलायला मी घरासमोरच गाडीखाली शिरलो. तळाच्या बोल्टवर पाना बसेना. घसरला. परत लावला, परत घसरला. रंग खरवडला तर खाली बोल्टचे कोपरे गोल झालेले, आणि एका बाजूला पाइप पान्याच्या दातांचे तीन ओरखडे. ते ओरखडे माझे होते. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, योग्य मापाचा पाना न सापडल्याने मीच पाइप पान्याने तो बोल्ट नासवला होता आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी गाडीखाली तसाच पडून राहिलो थोडा वेळ.

मामांना फोन केला. मामा मध्य प्रदेश रोडवेजच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, 2005 साली महामंडळच बंद झालं तोपर्यंत. ते आले, बोल्ट पाहिला आणि म्हणाले, "बाहेरचं कळलं. आता आतलं बघू. खडू आण."

हे कुणालाही करता येतं, म्हणून नीट सांगतो. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. मागची एक बाजू जॅकवर उचलायची आणि खाली घोडा लावायचा. दुसरी बाजू जमिनीवरच, तिलाही दगड. हँडब्रेक सोडायचा. उचललेल्या चाकावर एक खूण, प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून हौसिंगकडे येणारा लांब दांडा) एक खूण, आणि शाफ्टच्या खुणेसमोर गाडीच्या अंगावर एक. मग उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. दोन फेऱ्या अशासाठी की दुसरं चाक थांबलेलं असतं, त्यामुळे डिफ्रेन्शल (दोन्ही चाकांना फेऱ्या वाटून देणारा भाग) मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतं. जो आकडा येईल तो तुमचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या.

माझ्या गाडीत मूळ क्राउन-पिनियन आठ-एकोणचाळीस दातांचं होतं. एकोणचाळीस भागिले आठ, म्हणजे 4.875. गॅरेजवाल्याने बसवलं म्हणून सांगितलं ते आठ-एक्केचाळीस, म्हणजे 5.125. मामांनी हे जमिनीवर खडूनेच लिहिलं आणि म्हणाले, "जुनं असेल तर खूण पाचव्या फेरीला रेषेच्या अर्धपाव, म्हणजे फेरीचा आठवा भाग, आधी थांबेल. नवं असेल तर रेषा ओलांडून अर्धपाव पुढे." मी चाक फिरवत होतो, ते शाफ्टवर डोळा ठेवून मोजत होते. चार झाले. पाचवी फेरी येत होती. माझ्या दोन फेऱ्या संपल्या तेव्हा खूण रेषेच्या दोन बोटं अलीकडे थांबली. आम्ही तीनदा केलं. तिन्ही वेळा अलीकडेच.

म्हणजे माझं हौसिंग त्याने माझ्याकडून अठरा हजारांना घेतलं आणि धुऊन, रंगवून मलाच पंच्याऐंशी हजारांना विकलं. क्राउन-पिनियनला तर हातही लावला नव्हता.

मामा रागावले ते यावर नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता: "पण हौसिंग बदलायचं तुला सांगितलं कुणी? टायर किती वाढला?" तेव्हा कुठे मी टेप लावला. साडेसातचा टायर साधारण 805 मिलिमीटर उंच, सव्वाआठचा 855 च्या आसपास. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे. वाढ सहा टक्के. त्यातलं निम्मंच हौसिंगच्या वाट्याला येतं, म्हणजे पंचवीस मिलिमीटर. "दीड बोटासाठी लाख रुपये," मामा म्हणाले. एवढ्या फरकाला साफ्टवरचा जोरही सहा टक्क्यांनीच वाढतो. माल तेवढाच भरायचा तर त्यासाठी हौसिंग बदलायची गरज नव्हती. क्राउन-पिनियन बदललं असतं तर पिकअप आणि मीटर दोन्ही जवळपास जागेवर आले असते, आणि तेवढं पुरलं असतं.

जे खरोखर बघायचं होतं ते कुणी बघितलंच नाही. साडेसातच्या टायरला सहा इंच रुंदीची रिम लागते, सव्वाआठला साडेसहा इंच रुंदीची. माझ्या जुन्याच रिमवर नवे टायर चढवलेले. मागच्या जोडीत दोन टायरांमध्ये मोकळी जागा राहायला हवी. भरलेल्या गाडीत टायर खाली फुगतो तेव्हा तर जास्तच. मामांनी आतल्या टायरच्या बाजूवर टॉर्च मारला. तळहाताएवढा पट्टा आरशासारखा चकचकीत झाला होता, दोन टायर एकमेकांना घासून. असाच भर उन्हात फुटतो टायर. ब्रेकचंही तसंच: ड्रम तोच, टायर उंच, म्हणजे तेवढ्याच पायाला रस्त्यावर पकड सहा टक्के कमी. गणेश घाट उतरताना ब्रेक निकामी झालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सहा टक्के म्हणजे काय ते कळेल. मी चार महिने उतरत होतो.

आणि ते दोन टन जास्त! आरसीवर भरल्या गाडीचं जे वजन लिहिलंय तेच खरं. हौसिंग जाड असो की बारीक, वजनकाट्यावर कुणी विचारत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. गॅरेजवाला हे जाणत नसेल असं मला वाटत नाही.

गॅरेजवर गेलो. आधी म्हणाला, बोल्ट जुना लावला, हौसिंग नवंच आहे. मामांनी खडू पुढे केला, "चला, मोजू." तेव्हा आवाज खाली आला. चहा मागवला. पोरगा चुकला म्हणाला. दोन महिन्यांत तीन तुकड्यांनी तीस हजार परत आले, त्यानंतर फोन उचलणं बंद. ग्राहक आयोगात जाता येतं: धंद्याची गाडी असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा कायद्याने ग्राहकच धरतात, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण माझ्याकडे दाखवायला चाळीस हजारांचा मोबाईलचा मेसेज आणि एक नासका बोल्ट. वकील बोल्ट हातात घेऊन बराच वेळ बघत होता. अर्ज दिलाय.

गाडीला परत साडेसातचेच टायर चढवलेत. सव्वाआठचे चार अंगणात पडून आहेत, पोरं त्यावर बसून मोबाईल खेळतात. दोन चांगले आहेत, दोघांच्या बाजूला तो पट्टा आहे. चांगले दोन कुणाला हवे असतील तर देईन, पण आधी आपली रिम मोजून या.