शिवपुरीचं ९९९ रुपयांचं पॅकेज: पैसे नेमके कुठे बुडतात

ऋषिकेशला राफ्टिंगला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ग्रुप्सना साधारण एकाच पद्धतीने गंडवलं जातं. इन्स्टाग्रामवर जाहिरात असते: माणशी ९९९ रुपये, शिवपुरीला गंगाकिनारी टेंट, तीन वेळचं जेवण, शेकोटी आणि १६ किलोमीटर राफ्टिंग. चौकशी केली की व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर, लास्ट दो टेंट बचे हैं' आणि पाठोपाठ क्यूआर कोड. निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स. स्कॅन केल्यावर नाव दिसतं ते कॅम्पचं नाही, कुणातरी माणसाचं. इथेच थांबावं.

खरं म्हणजे फोटोच बोलतो. पांढऱ्या वाळूवर टेंटची रांग आणि समोर गंगा दिसत असेल, तर तो फोटो बहुधा जुना असतो. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश पट्ट्यातल्या वाळूवरच्या कॅम्पना चाप लावला. आता स्वस्तातले बरेचसे कॅम्प हेवल नदीच्या बाजूला, मोहनचट्टी-घट्टूगाडकडे आहेत. जागा वाईट नाही, पण ती गंगा नव्हे, आणि तिथून राफ्टिंगच्या ठिकाणी जायला जीप लागते. तिचं भाडं पॅकेजमध्ये धरलेलं नसतं.

अ‍ॅडव्हान्स घेणारा बहुतेकदा कॅम्पवाला नसतोच, मधला एजंट असतो. तो ती रक्कम खिशात घालतो. तुम्ही पोहोचलात की कॅम्पवाला म्हणतो, 'हमें कुछ नहीं मिला', आणि अंधार पडत आलेला असल्यामुळे त्याच टेंटचे पुन्हा पैसे मोजावे लागतात. एका टेंटमध्ये दोघं असा दर सांगून चौघांना एका टेंटमध्ये कोंबणं तर नेहमीचंच.

राफ्टिंगमधली लबाडी मात्र कित्येकांना घरी परतल्यावरही कळत नाही. १६ किलोमीटरचे, म्हणजे शिवपुरीपासूनचे, पैसे घेऊन राफ्ट ऋषिकेशच्या जवळच्या ब्रह्मपुरीला पाण्यात सोडतात, म्हणजे जेमतेम ९ किलोमीटर. रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स हे दणदणीत रॅपिड, म्हणजे उसळत्या पाण्याचे टप्पे, शिवपुरी आणि ब्रह्मपुरीच्या मधे आहेत, ते सरळ हुकतात. म्हणून किलोमीटर विचारूच नका. राफ्ट कुठल्या घाटावरून सुटणार आणि कुठे लागणार, हे लेखी मागा. जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवर राफ्टिंग बंद असतं. त्या तारखा 'कन्फर्म' करणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही.

पैसे देण्याआधी कॅम्पचं गूगल लोकेशन घ्या, व्हिडिओ कॉलवर टेंट आणि संडास दाखवायला सांगा, आणि कॅम्पच्या मालकाशी स्वतः बोला. काचकूच केली तर सोडून द्या. बजेट खरंच कमी असेल, तर ऋषिकेशच्या तपोवन भागात हॉस्टेलचा बेड घेऊन राफ्टिंग वेगळं बुक करणं केव्हाही बरं. हिशेब स्वच्छ राहतो.

पैसे गेलेच, तर 'रिफंडसाठी हा कोड स्कॅन करा' असा मेसेज येतो. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. टाकलात की उरलेलेही जातील. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर (पेमेंटचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा.