वरचा मजला: अकरा महिन्यांचा भाडेकरू ठेवावा की रोजचे पाहुणे?

छत्रपती संभाजीनगरात सिडको, बीड बायपास, सातारा परिसर, कुठेही फिरा. खाली आई-वडील आणि वर कुलूप अशी घरं गल्लोगल्ली दिसतात. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. वरचा मजला त्यांच्यासाठीच चढवला, पण ती येतात दिवाळीला चार दिवस. मग घरात एक वाद ठरलेला. वडील म्हणतात, करार करून एखादं सरळमार्गी कुटुंब ठेवू. मुलगा मोबाईल पुढं करतो, "बाबा, लोक एका रात्रीचे दीड हजार घेतायत, आपणही ॲपवर टाकू."

माझं मत आधीच सांगतो. मालक त्याच घरात राहत असेल आणि त्याला माणसांचा कंटाळा नसेल, तर रोजचे पाहुणे ठेवायला हरकत नाही. मालक बाहेरगावी आणि घर चावीवर चालवायचं असेल, तर भाडेकरूच बरा. बहुतेक जण हा प्रश्न पैशाचा समजून सोडवायला बसतात आणि तिथंच फसतात.

तरी पैशापासूनच सुरू करू, कारण मुलाचा मुद्दा तोच आहे. समजा, वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमला महिना १०,००० रुपये भाडं येतं. अकरा महिन्यांचे झाले १,१०,०००. लाईट बिल भाडेकरूचं, झाडलोट त्याची, गॅस त्याचा. तीच जागा रात्रीला १,५०० नं दिली तर ७४ रात्रींत तेवढी रक्कम जमते, असं कागदावर दिसतं. पण त्या दीड हजारातून ॲपचं कमिशन, चादरी-टॉवेलची धुलाई, मावशींचा पगार, गीझर-एसीचं बिल, सकाळचा चहा-पोहे हे सगळं जातं. रात्रीमागे ५०० रुपये खर्चात गेले असं धरलं तर ७४ च्या जागी ११० रात्री भराव्या लागतात, आणि तेव्हा कुठं तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला येता. फायदा त्यापुढं.

११० रात्री भरतात का? संभाजीनगरात भरू शकतात, पण सरसकट नाही. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. श्रावणात घृष्णेश्वराची गर्दी, मध्ये लग्नाच्या तिथी. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार उन्हात लेणी बघायला कोण येतं? आठवड्याचंही गणित आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. त्यामुळं शनिवार-रविवार धरून येणारी मंडळी रविवारी संध्याकाळी परत निघतात, आणि सोमवार-मंगळवारच्या रात्री बहुधा रिकाम्या जातात. जाहिरातीतलं 'महिन्याला अमुक कमवा' हे सगळ्या रात्री भरल्या असं धरून सांगितलेलं असतं.

कराचं थोडक्यात. घरभाड्यावर आयकरात पालिकेची घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून सरळ ३० टक्के वजावट मिळते, पावत्या दाखवायची गरज नाही. न्याहारी-साफसफाईसह रोज दिलेल्या खोलीचं उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली दाखवायचं, हे पहिल्याच वर्षी सीएला विचारून ठेवा आणि खर्चाच्या पावत्या सांभाळा. जीएसटीची धास्ती लहान मालकानं घेऊ नये. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, आणि नोंदणी नसलेल्या मालकाची खोली ॲपवरून गेली तर कर ॲपवालाच भरतो. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. पाहुण्याच्या बिलात तो दिसतो, तुमच्या खिशातून जात नाही. कुटुंबाला राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर तर जीएसटीच नाही.

आता कागदपत्रं. इथं दोन्ही पर्यायांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या घरमालकांनी भाडेकरूचा धसका घेतला, त्याला कारण होतं. इथं १९५४ चा हैदराबाद भाडे कायदा चालायचा. एकदा शिरलेला भाडेकरू बाहेर काढायला कोर्टात पिढी जायची. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि तो जुना कायदा गेला. नव्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळासाठी जागा वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर माणूस हलला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते. पण करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. शंभर-पाचशेच्या बॉण्डवर नोटरीचा शिक्का मारून काम भागतं, असा समज अजून गावोगाव आहे. तो महागात पडतो. नोंदणी करणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम मिळवायची. वरच्या उदाहरणात ३०,००० डिपॉझिट धरलं तरी शुल्क तीनशेच्या घरात बसतं. नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. एजंट घरी लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. खरी करमणूक तिथं असते. सत्तरीतल्या माणसाचा ठसा यंत्राला पटत नाही. ओल्या फडक्यानं बोट पुसायचं, पुन्हा दाबायचं, दुसरं बोट लावायचं. आजोबांच्या ठशातच अर्धा तास जातो आणि भाडेकरूचं काम दोन मिनिटांत होतं. ते झालं की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, आणि अकरा महिने निवांत.

रोजच्या पाहुण्यांचं तसं एकाच टेबलावर आटोपत नाही. पर्यटन संचालनालयाकडं होमस्टे किंवा निवास-न्याहारी म्हणून नोंदणी करता येते. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं असावं, अशी अट आहे. घर बाईच्या नावानं चालवणार असाल तर राज्याचं 'आई' हे महिला पर्यटन धोरण जरूर बघा. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. नोंदणी झाली तरी रोजचं काम उरतंच: प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र, वहीत नोंद, आणि परदेशी पासपोर्टवाला असेल तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती.

हे शेवटचं कलम नांदेडकरांनी नीट वाचावं. तख्त सचखंड हुजूर साहिबला येणारा पाहुणा पगडीतला, पंजाबी बोलणारा, आपल्यातलाच वाटतो. पण पासपोर्ट कॅनडाचा किंवा इंग्लंडचा असला तर कायद्याच्या लेखी तो परदेशी. चेहऱ्यावर जाऊ नका, पासपोर्ट मागा.

यापेक्षा जास्त त्रास पाणी आणि विजेचा आहे, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवसांचं अंतर असतं. घरातल्या माणसाला ते ठाऊक असतं. भाडेकरूही महिनाभरात शिकतो, पिंप भरून ठेवतो, गाडी बादलीत धुतो. मुंबईहून लेणी बघायला आलेला पाहुणा धुळीनं माखून परततो, शॉवरखाली वीस मिनिटं उभा राहतो, आणि त्याचं काही चुकलेलंही नसतं. चौघांचं कुटुंब दोन रात्री राहिलं की गच्चीवरची टाकी तळाला जाते. मग टँकर बोलवा. मार्चनंतर टँकरचा भाव चढतो, आणि तुमचा रात्रीचा दर मात्र उन्हाळा म्हणून उतरलेला असतो.

विजेचं मीटर घरगुती आहे आणि वर लॉजसारखं चालतंय, असं महावितरणच्या भरारी पथकाला वाटलं, तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते, तीही मागच्या बारा महिन्यांपर्यंतची. म्हणून सुरू करण्याआधी उपविभागात लेखी अर्ज देऊन कोणता दर लागेल ते लेखीच घ्यावं. घरपट्टीचंही तसंच. स्वतःच्या वापराचं, भाड्यानं दिलेलं आणि व्यावसायिक, यांची आकारणी वेगळी असते.

अपार्टमेंटमधला फ्लॅट असेल तर माझा कल सरळ भाडेकरूकडं आहे. भाड्यानं दिल्यावर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेलं) घेऊ शकत नाही, हे ठरलेलं आहे. रोजच्या पाहुण्यांना मात्र असं काही संरक्षण नाही. रात्री साडेअकराला बॅगा ओढत येणारी अनोळखी माणसं, पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागी लावलेली गाडी, आणि अविवाहित जोडपं दिसलं की चेअरमनचा फोन. अशा जोडप्याला खोली देऊ नका असा कायदा नाही, पण कायदा काय म्हणतो हे जिन्यात उभं राहून कुणाला सांगणार?

परदेशात असलेला भाचा फोनवर घाबरवतो, "मामा, हे धंदे सगळीकडं बंद होतायत." त्याचं अर्धं खरं आहे. न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी सक्तीची झाली. मालक घरात हजर हवा, पाहुणे दोनच. तिथली हजारो घरं ॲपवरून उतरली. बऱ्याच जणांनी महिन्याच्या वरच्या मुक्कामाकडं मोर्चा वळवला. बार्सिलोनानं २०२४ मध्ये जाहीर केलं की दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. पॅरिसमध्ये स्वतःचं राहतं घर वर्षाला १२० रात्री देता यायचं, २०२५ पासून पालिकेला ते ९० वर आणता येतं आणि पॅरिसनं तसं केलं. तिथली तक्रार एकच, की राहायची घरं पाहुण्यांकडं गेली आणि गावच्या माणसाला भाड्यानं घर मिळेना.

संभाजीनगरात तशी टंचाई पर्यटकांमुळं झालेली नाही, आणि महापालिकेनं रात्रींची मर्यादाही घातलेली नाही. पण परदेशातल्या नियमांचा रोख बघा. राहत्या घरातली एखाद-दुसरी खोली देणाऱ्याला कुठंतरी वाट ठेवली आहे. पाच-सहा फ्लॅट घेऊन चाव्या वाटणाऱ्यावर आधी कुऱ्हाड पडली. केंद्राच्या योजनेतही मालक घरात असण्याची अट आहेच. उद्या इथं नियम कडक झाले, तर ते याच रेषेवरून होतील असा माझा अंदाज आहे. म्हणून पाहुण्यांसाठी म्हणून कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला मी आजच थांबवीन.

गाव बदललं की उत्तर बदलतं. लातूरला रोजच्या पाहुण्यांचा विचारच करू नका. तिथं ट्यूशन एरियाच्या आसपास एक खाट महिन्यावर जाते. जूनमध्ये पोरं येतात, मे महिन्यात 'नीट' परीक्षा झाली की बिस्तरा गुंडाळतात. मधल्या दिवसांत रंग मारून घ्यायचा. सलग ९० दिवस किंवा जास्त मुक्काम आणि माणशी महिना २०,००० पर्यंत भाडं असेल, तर त्यावर जीएसटी नाही. एक काळजी घ्या: पोरगं सतरा वर्षांचं असतं, अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्याशी, केलेला करार टिकत नाही, तेव्हा करार वडिलांच्या नावानं करा. नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं मोठी आणि स्वस्त आहेत, तुमचा दर त्यांच्याशी तोलला जाणार. तुळजापुरात तर पुजाऱ्यांच्या घरी भक्तांनी उतरायचं ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. नवरात्र आणि कोजागरीला घर भरतं, पण तिथं बाहेरच्यानं नवं घर काढून ग्राहक आणायचा म्हणजे त्या जुन्या नात्यांशी स्पर्धा.

संभाजीनगरात अकरा महिन्यांचा भाडेकरू आणि रोजचे पाहुणे यांच्या मधला एक रस्ता आहे, आणि मला तो सगळ्यात पटतो. शेंद्रा-बिडकीनला नवे कारखाने उभे राहतायत. यंत्रं बसवायला येणारे इंजिनिअर सहा आठवडे, तीन महिने राहतात. हॉटेल त्यांना महाग पडतं, अकरा महिन्यांचं घर नको असतं. लिव्ह अँड लायसन्स तीन महिन्यांचंही करता येतं, नोंदणी तेवढीच सोपी. माणूस सकाळी आठला जातो, रात्री येतो, पाण्याची वेळ आठवड्यात शिकतो. पैसे कंपनी देते, म्हणून घासाघीस कमी. करारात मात्र राहणाऱ्याचं नाव लिहून घ्या, नाहीतर कंपनी दर महिन्याला नवा माणूस पाठवते आणि तुम्ही पुन्हा लॉजवाले होता.