फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचे रेझिन किट : चेहरा अव्वल, बाकीचे आपल्या चिकाटीवर

बोरिस कार्लॉफ यांनी १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटात उभा केलेला राक्षस एक-षष्ठांश प्रमाणात, म्हणजे साधारण फूटभर उंचीचा, देणारे हे रेझिन किट (रेझिन, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य) जोडून आणि रंगवून झाल्यावर माझे मत असे झाले आहे, की घडवणाऱ्याने आपले सगळे कसब चेहऱ्यावर खर्च केले आणि गळ्याखालचा भाग ओतकाम करणाऱ्यांवर सोपवून दिला. त्या चेहऱ्यासाठी किट घ्यावे, परंतु पेटी उघडली की लगेच रंगाला बसता येईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

पेटीत सुटे भाग आणि रंगवलेल्या नमुन्याचे छायाचित्र असलेला एक कागद, एवढेच मिळते. रंग आणि चिकटद्रव्य आपले आपण आणायचे असते. या प्रकारच्या किटमध्ये तशीच रीत असल्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. ज्यांनी आतापर्यंत फक्त प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडली आहेत, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की प्लॅस्टिक विरघळवून सांधणारे सिमेंट रेझिनवर चालत नाही. येथे सुपरग्लू किंवा दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सीच लागते.

अशी किटे सिलिकॉनच्या साच्यांत हाताने ओतली जातात, आणि साचा जसजसा वापरला जातो तसतशा त्याच्या कडा झिजत जातात. माझ्या वाट्याला आलेली प्रत बहुधा अशाच थकलेल्या साच्यातली असावी. कोटाच्या खालच्या काठावर आणि बोटांच्या टोकांना हवेच्या बुडबुड्यांची भोके होती, बाहीच्या बाहेरच्या अंगाने साच्याची शीर (साच्याचे दोन भाग जुळतात तेथे उमटणारी उंच रेघ) खांद्यापासून मनगटापर्यंत गेलेली होती, आणि डावा बूट पायाला लावून पाहिल्यावर मधल्या फटीत नख सहज शिरत होते. शीर घासून काढता येते आणि भोके पुट्टीने बुजतात. पण ती शीर कापडाच्या सुरकुत्यांवरून जात असल्यामुळे घासताना पुसलेली प्रत्येक सुरकुती पुट्टीत नव्याने कोरावी लागली. हे काम किट बनवणाऱ्याचे होते, असे मला वाटते.

घासण्यापूर्वी सगळे भाग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, पुढे पापुद्र्यांसारखा निघतो. रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे पाणकागद ओला ठेवूनच घासावे, आणि ड्रिल चालवताना चांगला मास्क लावावा. घोट्याचे, मनगटांचे आणि मानेचे सांधे नुसत्या चिकटद्रव्यावर सोडू नयेत. दोन्ही बाजूंना छिद्र पाडून आत पितळी तार बसवल्याशिवाय हे भरीव, जड धड उभे राहील याची खात्री देता येत नाही.

आता चेहऱ्याविषयी. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी योजलेले सपाट माथे, पुढे आलेली भुवईची कड, कपाळावरचा टाके घातलेला व्रण आणि मानेतले विद्युत्-खुंटे (ज्यांना बहुतेक जण बोल्ट समजतात) हे सगळे येथे आहेच, पण तेवढे तर कोणत्याही स्वस्त मुखवट्यातही सापडते. या शिल्पकाराने त्यापलीकडचे पाहिले आहे. कार्लॉफ यांनी दातांचा ब्रिज, म्हणजे बसवलेले कृत्रिम दात, काढून ठेवल्याने एका बाजूचा गाल आत गेला होता. येथेही एकच गाल खोल आहे, त्यामुळे समोरून पाहताना चेहरा किंचित असमान दिसतो आणि म्हणूनच खरा वाटतो. चित्रीकरणात मेणाने जड केलेल्या पापण्याही नुसत्या अर्धवट मिटलेल्या न दाखवता, त्यांना वेगळी जाडी दिली आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र किटसोबतचे छायाचित्र सरळ दिशाभूल करते. त्यात चेहरा चक्क पोपटी रंगवलेला आहे. मूळ रंगभूषेत करडी-हिरवट छटा होती हे खरे, परंतु कृष्णधवल फिल्मवर त्वचा प्रेतासारखी पांढुरकी उमटावी हा तिचा हेतू होता; पडद्यावर राक्षस हिरवा दिसावा हा नव्हे. मी करड्या प्रायमरवर एअरब्रशने (रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या साधनाने) हिरव्याचा जेमतेम संशय येईल इतपत फिकट करडा थर दिला, डोळ्यांच्या खोबणीत आणि खोल गालात पातळ केलेला जांभळट तपकिरी तैलरंग मुरू दिला, आणि भुवईच्या कडेवर व गालफडांवर हाडासारखी पिवळसर छटा कोरड्या ब्रशने ओढली. ओठ काळपट ठेवले. कोटाला निव्वळ काळा रंग दिला असता तर सुरकुत्या दिसेनाशा झाल्या असत्या, म्हणून तेथे तपकिरीकडे झुकणारा गडद करडा वापरला. शेवटी सर्वत्र मॅट वार्निश आणि फक्त बुबुळांवर चकाकीचा एक थेंब दिला. त्या थेंबाआधी आंधळी वाटणारी नजर त्यानंतर पाहणाऱ्यावर रोखली जाते.

चौथऱ्यावरची दगडी फरशी उथळ कोरलेली आणि कंटाळवाणी आहे. साध्या लाकडी ठोकळ्यावर ही मूर्ती अधिक शोभते, आणि घोट्यातील तार त्यात खोलवर रोवताही येते.